बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे

मारिसेलने कोटाचं वरचं बटण काढलं आणि लगेच पुन्हा लावून टाकलं. डाव्या बाजूला दूध झिरपलं होतं. कोटावर अजून आलं नव्हतं, पण आतल्या निळ्या स्वेटरवर ओंजळीएवढा डाग पसरला असणार, हे तिला न बघताही कळत होतं. आब्रिल या वेळेला प्यायची. आठ महिन्यांची पोर टेकडीच्या वरच्या अंगाला आजीच्या मांडीवर होती, आणि इथे आईच्या अंगाला मात्र तिची वेळ बरोब्बर समजत होती.

वर्ग भरायचा तो बोचास, म्हणजे गोळे टाकायच्या खेळाच्या, क्लबाच्या मागच्या खोलीत. भिंतीपलीकडे पेन्शनर म्हातारे गोळे टाकत असायचे. मध्येच टक्क असा आवाज यायचा आणि कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार करायचं. खोलीत गॅसचा हीटर एकच होता आणि त्याच्याजवळची खुर्ची दायानाने पहिल्या दिवसापासून बळकावलेली होती. दायाना वीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली. शेजारी दोन्या निल्दा, म्हणजे निल्दाबाई, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, पिशवीत कायम बिस्किटांचा पुडा. बाकीची आठ-दहा पोरं-पोरी टेकडीवरच्याच गल्ल्यांमधली. सगळ्यांना शेवटची परीक्षा पास व्हायचं होतं. जी पास होतील त्यांना खाली शहरातली एक कंपनी कामावर घेणार होती: दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, घरी बसूनही चालेल. मारिसेलला ते 'घरी बसून' एवढंच ऐकू आलं होतं.

गास्तोनने फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. वर्गातल्या पोरापोरींपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असलेला हा शिक्षक काखेत गरम पाण्याचा थर्मास धरूनच शिकवायचा आणि वाक्यावाक्याला नळीने 'माते'चा, कडू पाल्याच्या चहाचा, घोट घ्यायचा.

“डावीकडे पदावली,” तो म्हणाला. “जिला 'किती?' असं विचारता येतं, ती पदावली. दोन अधिक तीन. किती?”

“पाच,” दोन्या निल्दा म्हणाल्या. “इतपत येतं रे बाबा.”

“बरोबर. तिच्यातून काहीतरी परत येतं. आणि उजवीकडे...” त्याने लिहिलं: सेंतेन्सिया.

प्रोग्रॅममधल्या आज्ञेला इथे हाच शब्द. न्यायाधीश कठड्यातल्या माणसाला जे सुनावतो, त्यालाही हाच.

मारिसेलच्या मांडीवर, टेबलाच्या आडोशाला, फोन उजळला. वकिलाचा निरोप होता. गुरुवारी सकाळी. चारची तयारी ठेवा, मी साडेतीनसाठी बोलून बघतो. ती ते वाचत होती. पुन्हा वाचत होती. गास्तोनने रेघेच्या दोन्ही बाजूंना कुठे काय जाईल अशा चार-पाच ओळी लिहिल्या, त्यातली एक बोटाने दाखवली आणि वर्गावरून नजर फिरवत तिच्यावर थांबला.

“मारिसेल. सेंतेन्सिया?”

“गुरुवारी,” ती म्हणाली. “गुरुवारी देणार आहेत.”

वर्गात हशा फुटला. गास्तोनसुद्धा हसला; तोंडातला माते त्याला ठसकला.

“अगं बाई!” दायाना हीटरवरून पाय काढत ओरडली. “आणि किती वर्षं मिळतायत?”

नंतर, पुष्कळदा, मारिसेलने स्वतःला विचारलं की त्या क्षणी ती नुसती हसली असती तर काय बिघडलं असतं. विनोद झालाच होता. तो तसाच ठेवायचा होता. पण रात्रभर पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारलेल्या बाईला प्रश्न विचारला की तिच्या तोंडून उत्तर निघतं.

“वकील म्हणतो चार,” ती म्हणाली. “कमी झाली तर साडेतीन.”

हसणं एकदम थांबलं नाही. आधी मागची पोरं गप्प झाली, मग गास्तोन. शेवटी दायाना एकटीच हसत राहिली, आणि आपण एकट्याच हसतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. भिंतीपलीकडे गोळ्यावर गोळा आपटला.

“म्हणजे... बोटीवर काही झालं का गं?” दोन्या निल्दांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. सगळ्यांत वाईट तेच होतं.

कारण बोट मारिसेलनेच या खोलीत आणली होती. पहिल्या दिवशी नवरा काय करतो असं विचारल्यावर ती म्हणाली होती, बोटीवर आहे, खाली दक्षिणेत, माकूळ पकडायला. एकदा बोट आली की तिला माल लागतो. थंडी लागते, रेंज नसलेला फोन लागतो, डेकवर घसरून दुखावलेला गुडघा लागतो. ते सगळं तिने पुरवलं होतं. दोन्या निल्दांनी त्या गुडघ्यासाठी मलम दिलं होतं, बंदरावरून कुणाबरोबर तरी पाठव म्हणून. ते मलम मारिसेलच्या घरात खिडकीत पडून होतं.

“बोट नाहीये,” ती म्हणाली.

उठून निघून जावं असं तिला वाटलं. पण उठायचं तर हातांची घडी सोडावी लागली असती, आणि एव्हाना दूध कोटावर आलं होतं. म्हणून ती तशीच, घडी घालून, शिक्षा केलेल्या पोरीसारखी तास संपेपर्यंत बसून राहिली. गास्तोनने घसा खाकरला. त्याने वर्गाकडे पाठ फिरवली, हाताच्या बाहीने उजवीकडचा शब्द पुसला आणि त्या जागी लिहिलं: सूचना.

“तर,” तो म्हणाला, “सूचना.”

*

“सांगून टाकलंस?” एल्बा म्हणाली. मारिसेलची सासू इस्त्री करत होती. लोकांचे कपडे ती घरी आणून इस्त्री करून द्यायची. “भर वर्गात?”

“निघून गेलं तोंडातून.”

“तोंडातून शिंक निघते. नवऱ्याची अब्रू निघत नाही.”

“अब्रू मी घालवली का?”

एल्बाने इस्त्री उभी केली. बोट मुळात तिचीच होती. पोलीस नेस्तोरला घेऊन गेले त्या आठवड्यात बेकरीच्या रांगेत कुणीतरी विचारलं आणि तिने उभ्या उभ्या बोट बांधली. नेस्तोरने मित्राची व्हॅन चालवली होती, मागे काय भरलंय ते विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं, हेच तो वकिलाला, आईला, बायकोला सांगत राहिला. विचारलं नाहीस कारण उत्तर माहीत होतं, असं मारिसेल त्याला एकदाच म्हणाली होती, आणि त्यानंतर भेटीच्या वेळी दोघं फक्त आब्रिलच्या दातांबद्दल बोलायची.

“त्या निल्दाची बहीण माझ्याच बेकरीत येते,” एल्बा म्हणाली. “उद्या मी काय तोंड दाखवू?”

“ब्रेड मी आणीन.”

“तू आण. तुझं काय, तुला लाजच नाही.”

मारिसेल आब्रिलला घेऊन आतल्या खोलीत गेली. पोर अधाशासारखी तुटून पडली, मग अर्ध्यावर थांबून, तोंडात तसंच ठेवून, आईकडे बघत हसली. लाज नाही. मारिसेलला वाटलं, हिला तरी अजून नाही. अजून थोडे दिवस तिला कुणी विचारणार नाही की तुझे बाबा काय करतात.

*

गुरुवारी न्यायाधीशबाईंनी चष्मा बदलला आणि वाचलं. बसचे थांबे वाचावेत तसं. नेस्तोरने केस कापून घेतले होते, कान उघडे पडल्यामुळे तो शाळकरी दिसत होता. चार, असं ऐकू आलं तेव्हा तो आईकडे वळला नाही, बायकोकडेही नाही. जमिनीवर काहीतरी पडल्यासारखा खाली बघत राहिला. एल्बाने पर्समधून रुमाल काढला आणि तो मारिसेलच्या हातात दिला, जणू रडायचं काम तिचं होतं. मारिसेल रडली नाही. तिला बाहेर जाऊन दूध पिळून टाकायचं होतं, आणि कोर्टाच्या त्या मजल्यावर बायकांच्या संडासाला कडी नव्हती. एल्बा दार धरून बाहेर उभी राहिली.

“साडेतीन म्हणाला होता तो,” एल्बा दाराआडून म्हणाली.

“बघतो म्हणाला होता.”

त्या आठवड्यात ती वर्गाला गेली नाही. गास्तोनने सरावाचे प्रश्न फोनवर पाठवले. वर एक ओळ होती, काळजी घे. तिने त्या ओळीला उत्तर दिलं नाही. पण दुपारी आब्रिल पिता पिता डुलकी घ्यायची, हात अडकलेला असायचा, एक अंगठा तेवढा मोकळा. त्या अंगठ्याने ती प्रश्न उघडायची.

एका बसमध्ये प्रत्येक थांब्यावर किती माणसं चढली त्याची यादी. एकूण किती, ते काढा. तिने लिहिलं: एकूण, मग बरोबरचं चिन्ह, आणि त्याच्या उजवीकडे अख्खा फॉर, प्रत्येक थांब्यासाठी फिर आणि माणसं मिळव अशी फेऱ्यांची आज्ञा. तिला ते इतकं रास्त वाटत होतं. एवढं फिरतोस तर शेवटी बेरीज हातात दे. प्रोग्रॅमने ते घेतलं नाही. चूक, एवढंच म्हणाला, आणि फॉरच्या पायाशी एक छोटं टोपीचं चिन्ह लावून दिलं: इथे. तिने शब्द बदलले, कंस घातले, काढले. टोपी हलेना.

मग झोपेत आब्रिलचं तोंड सुटलं, आणि पोरीच्या गालावरचा दुधाचा थेंब पुसता पुसता मारिसेलला कळलं. फॉरला 'किती?' असं विचारताच येत नाही. तो फिरतो. त्याचं काम फिरणं. त्याच्यातून काही परत येत नाही. आपल्याला काही हवं असेल तर तो सुरू व्हायच्या आधीच, बाहेर, एक रिकामं भांडं मांडून ठेवायचं आणि प्रत्येक फेऱ्याला त्यात थोडं थोडं ओतायचं. तिने वर एक ओळ लिहिली: एकूण बरोबर शून्य. आत, फॉरच्या पोटात, ओतायची ओळ. चाललं.

तिला इतका आनंद झाला की तो एल्बाला दिसू नये म्हणून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. नवऱ्याला चार वर्षं लागलीत आणि ही बाई बसमधली माणसं मोजून खूश होतेय. तिचे कान तापले.

परीक्षेच्या आधीच्या तासाच्या दिवशी ती पोरीला आंघोळ घालत बसली होती. एल्बाने येऊन टॉवेलसकट पोर उचलली.

“जा.”

“मी नाही जात. कसं बघायचं त्यांच्याकडे?”

“खाली मान घालून बघ. मी तसंच बघते,” एल्बा म्हणाली. “चार वर्षं मी एकटी इस्त्री करू का? जा, उशीर होतोय.”

*

हीटरजवळची खुर्ची रिकामी होती. दायाना दाराजवळ, जिथे फटीतून वारा यायचा तिथे, दोन्ही हात काखेत घालून बसली होती. मारिसेल मागच्या बाकाकडे वळली तशी दोन्या निल्दांनी खुर्चीवर हलकेच थाप मारली.

“इथे बस गं. ऊब आहे.”

ती बसली. कुणीतरी बिस्किटांचा पुडा तिच्या बाजूला सरकवला, मग तो आणखी थोडा सरकवला. गास्तोन म्हणाला, “आलीस, छान,” आणि कागद वाटू लागला. एरवी दायाना म्हणाली असती की आली बाई लाटांवरून. आज ती नखं बघत होती. मारिसेलला वाटलं, एकदा काहीतरी बोल गं, घालून पाडून बोल, पण बोल.

तिच्यासमोर कागद आला. परीक्षेच्या नमुन्याची ती प्रत होती, वरच्या कार्यालयातून छापून आलेली. तिसऱ्या ओळीत एक शब्द काळ्या पेनाने गच्च खोडला होता आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: सूचना. पाचव्या ओळीतही. कागद पालटला तर मागेही. तिने दोन्या निल्दांच्या कागदाकडे बघितलं. तिथेही. दहा-बारा प्रती, प्रत्येकीवर तोच शब्द, हाताने, एकेक करून. काल घरी बसून केलं असणार पोराने. काळी शाई कागदाच्या पाठीला उतरली होती.

तिच्या मानेवर गरम काहीतरी चढत गेलं. त्या हशापेक्षा हे जड होतं. हसले तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत होतं, आणि सगळे मिळून तो एक शब्द तिच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवत होते, जशी आजाऱ्याच्या खोलीतून औषधाची बाटली उचलतात. तिने मान खाली घातली आणि कागदातच बघत राहिली.

“दोन्या निल्दा, तुम्ही या,” गास्तोन म्हणाला. “बसचं गणित.”

दोन्या निल्दांनी फळ्यावर सावकाश लिहिलं: एकूण, बरोबरचं चिन्ह, आणि उजवीकडे अख्खा फॉर.

“इथे चूक आहे,” गास्तोन म्हणाला. “बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे काय लागतं? जिच्यातून काही परत येतं, ती पदावली. आणि फॉर म्हणजे...” तो थांबला. “फॉर म्हणजे सूचना.”

“मग?”

“मग सूचनेतून काही परत येत नाही.”

“असं कसं?” दोन्या निल्दा मार्कर हातात धरून त्याच्याकडे वळल्या. “मी नातवाला सूचना देते, जा, ब्रेड आण. तो ब्रेड आणतो. येतंच की परत.”

“तसं नाही. ही सूचना म्हणजे...”

“आणि उरलेले पैसे नाही आणत, ते सोड. पण ब्रेड तर आणतो.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. गास्तोनने मातेचा घोट घेतला. पाणी संपल्यामुळे नळीतून नुसता खरखर आवाज आला. त्याने मारिसेलकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

“सूचना म्हणजे इथे त्या अर्थाने नाही. ही, काय म्हणू, ही फक्त होते.”

“होते म्हणजे? बाबा रे, परवा परीक्षा आहे. मला नीट सांग, मी ढ आहे.”

“तुम्ही ढ नाही, दोन्या निल्दा, शब्दच जरा...”

दोन्या निल्दांचे कान लाल झाले होते. सगळ्यांदेखत, फळ्यापुढे, या वयात. मारिसेलला ते लाल कान दिसले. गुडघ्याच्या मलमाची ट्यूब देताना याच बाई म्हणाल्या होत्या, दिवसातून दोनदा, आणि जोर लावून चोळ म्हणावं.

ती उठली. खुर्ची फरशीवर खरवडली. फळ्यापर्यंतचं अंतर काही फार नव्हतं. तिने दोन्या निल्दांच्या हातातून मार्कर घेतला, पण काही लिहिलं नाही.

“सूचना नाही ती,” ती म्हणाली. “सेंतेन्सिया आहे.”

भिंतीपलीकडे म्हातारे कशावरून तरी भांडत होते.

“सेंतेन्सिया सुनावतात, दोन्या निल्दा. ती सुनावली की तेवढं सगळं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिला तुम्ही विचारू शकत नाही की बाई, शेवटी माझ्या हातात किती? ती काही देत नाही. फिरायचं तेवढं फिरवते आणि सोडते.” तिने बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचा फॉर तळव्याने पुसला. “म्हणून तिला इथे नाही ठेवायचं. तिला खाली, स्वतंत्र. आणि तुम्हाला जे काही साठवायचंय त्याचं भांडं आधीच बाहेर मांडायचं.”

“रिकामं?” दोन्या निल्दांनी विचारलं.

“रिकामं. शून्य लिहा. मग आत, प्रत्येक फेऱ्याला, थोडं थोडं घालायचं त्यात. जे जमेल ते. नाही घातलं तर सगळे फेरे संपल्यावरही शून्यच राहणार.”

दोन्या निल्दा फळ्याकडे बघत राहिल्या. “हे असं सांग की,” त्या गास्तोनला म्हणाल्या. मग त्यांनी मार्कर परत घेतला आणि वर, वेगळ्या ओळीत, मोठ्ठं शून्य काढलं.

गास्तोन खिडकीकडे तोंड करून थर्मासचं झाकण घट्ट करत होता. ते आधीच घट्ट होतं.

“दिली का?” दायानाने विचारलं. दाराजवळून, हात काखेतच.

मारिसेल वळली नाही.

“दिली.”

“किती?”

“साडेतीन.”

ते इतकं सहज निघालं. बोट निघाली होती तसंच. तिच्या तळव्यावर काळी शाई लागली होती. ती तिने कोटाला पुसली, मग लक्षात आलं की फडकं नाही, कोट आहे. दोन्या निल्दा फॉरची ओळ लिहीत होत्या, अक्षर अक्षर पुटपुटत.

“चार,” मारिसेल म्हणाली.

मार्करचा चर्रचर्र आवाज येत राहिला. मग मागे खुर्ची सरकली, पावलं वाजली, हीटरची जाळी खणखणली. ती वळली तेव्हा दायाना तिच्या खुर्चीत बसलेली होती, बूट काढून, दोन्ही पाय हीटरपुढे पसरून.

“काय बघतेस? उठलीस तू,” दायाना म्हणाली. “दोन तास माझे पाय गोठलेत तुझ्यामुळे. जा, बस तिकडे वाऱ्यात.”

मारिसेल दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथे खरंच फार गार होतं.